उद्यापासूनची खरी माहिती

विमा कचेरीतल्या हेडक्लार्कच्या हातात आरोग्य तपासणीचा फॉर्म पडला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात क्रीमरोल होता. दिवसातला तिसरा. मृत्यूच्या दाव्यांच्या फायली तोच तपासायचा. पंचेचाळिशीतले हृदयविकार, पन्नाशीतले मधुमेह, सगळं रोज त्याच्या डोळ्यांखालून जाई. त्यावरून त्याने एवढंच ताडलं होतं, की हे लोकांना होतं. तो स्वतःला लोकांत धरत नसे.

'रोज पालेभाजी खाता का?' होय. 'चालायला जाता का?' पाऊण तास. 'गोड?' क्वचित. आपण खोटं लिहितोय असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. सोमवारपासून तो हे सगळं करणारच होता. फक्त काळाचा जरा घोळ होता. शेवटी 'आपल्या भावी आरोग्याबद्दल काय वाटते?' या प्रश्नापुढे त्याने 'उत्तम' लिहिलं, खाली ठसठशीत रेघ ओढली आणि बोटं चाटली.

आठवड्याभरात फलकावर कचेरीप्रमुख मोठ्या मॅडमच्या सहीने नोटीस लागली. कचेरीचा आरोग्यदूत म्हणून हेडक्लार्कची निवड! सोबत काकडी हातात धरलेला फोटो. काकडी कॅन्टीनवाल्याची होती. फोटो होताच ती त्याने मागून घेतली.

"आरोग्यदूत?" बायको म्हणाली. "मी आजवर यमदूतच ऐकला होता बाई. त्यांना तुमचं पोट दिसलं नाही?"

"ते दृष्टिकोन बघतात. मन प्रसन्न असलं की शरीर आपोआप ठणठणीत राहतं."

"असं होय! मग जिना चढून आलात की डाव्या हाताला मुंग्या येतात, त्या काय मनाला येतात?"

त्याने विषय बदलला. विषय बदलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र जेवणाच्या सुट्टीचा तुरुंग झाला. सगळी कचेरी त्याच्या ताटात डोकावू लागली. ताटात गाजर.

"एक क्रीमरोल दे रे," तो कॅन्टीनवाल्याच्या कानाशी पुटपुटला.

"नाही जमायचं साहेब. मोठ्या मॅडमची ताकीद आहे."

"अरे, गेल्या आठवड्यापर्यंत देत होतास!"

"गेल्या आठवड्यात तुम्ही दूत नव्हतात."

शेवटी त्याने बाहेरून केक आणला आणि कपाटात 'फेटाळलेले दावे' या कप्प्यात दडवला. तिथे माणूस फिरकत नसे. मुंग्या मात्र फिरकल्या. त्यांची रांग चार टेबलं ओलांडून गेली, टायपिस्टबाई किंचाळल्या आणि मोठ्या मॅडम स्वतः वर आल्या. कपाट उघडलं गेलं.

"हे काय?"

"पुरावा, मॅडम," हेडक्लार्कच्या तोंडून निघून गेलं. "एका दाव्यातला."

"अस्सं. मग उघड्यावर कसा ठेवलात? माझ्यासमोर सील करा."

त्याने स्वतःच्या हाताने केकला कागद गुंडाळला, सुतळी बांधली, वर लाख ओतून शिक्का मारला. आत चॉकलेटचा थर होता, हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

मग त्याने हाय खाल्ली आणि चोरटं खाणं सोडलं. संध्याकाळी उपाशीपोटी बसने घरी जाण्यापेक्षा चालत गेलं तर भूक विसरते, असा शोध त्याला लागला. दीड महिन्याने डॉक्टरांनी वजन केलं. पाच किलो उतरलं होतं. हाताच्या मुंग्याही बंद झाल्या होत्या. आता हे जन्मभराचं होणार, या धास्तीने तो तळमजल्यावर मॅडमच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"मॅडम, मला मोकळं करा. फॉर्ममधलं माझं एकही उत्तर खरं नव्हतं."

"चाळीस फॉर्म आले. एकाचंही नव्हतं," मॅडम सही करता करता म्हणाल्या. "फॉर्म वाचले तर या कचेरीत दहा वर्षांत कोणी साखरेला हात लावलेला नाही."

"मग मलाच का निवडलंत?"

"बाकीच्यांना ठाऊक होतं, आपण थापा मारतोय. स्वतःच्या थापेवर विश्वास असलेले तुम्ही एकटेच. अशा माणसाला चारचौघांत उभं केलं, की तो बिचारा थापेमागे धावत सुटतो. या आता. वर्षभर तुम्हीच."

हा अपमान होता की कौतुक, ते हेडक्लार्कला कळेना. चांगलं सणसणीत उत्तर द्यायला हवं होतं. ते मनातल्या मनात जुळवत तो निघाला आणि चौथ्या मजल्यावर धाप लागली तेव्हा भानावर आला. लिफ्ट चालू होती. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. कोणी बघत नसताना तो चढत आला होता!

त्याला स्वतःचा भयंकर संताप आला. खाली जाऊन लिफ्टने यावं, असंही वाटून गेलं. पण खाली चार मजले होते आणि वर एकच. चडफडत तो वर निघाला.