तामणकरांचं परमिट

तामणकरांच्या घरी भजी तळायची तर परमिट लागतं. थट्टा करत नाही. फ्रिजवर चुंबकाने कागद लावलेला असतो: 'हॉट वर्क परमिट. काम: कांदाभजी. वेळ: पाच ते साडेसहा. जबाबदार व्यक्ती: सौ. सुनंदा. फायर वॉच: देसाई.' आगीवर लक्ष ठेवायला उभा केलेला हा देसाई म्हणजे मी. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात, ड्रॅगन मार्टमधून आणलेला छोटा फायर एक्स्टिंग्विशर हातात धरून मी कितीदा तरी उभा राहिलो आहे. तळण संपेपर्यंत मला एकही भजं मिळत नाही, कारण ड्युटीवरच्या माणसाने खायचं नसतं.

कपाटावरची बॅग काढायची तर 'हाइट परमिट'. त्यासाठी स्टुलाचे चारही पाय हलवून बघितले जातात. सुनंदावहिनींनी हे सगळं पस्तीस वर्षं पचवलं आहे. "सही कुठे करू ते सांगा, तेल तापलंय," एवढंच त्या म्हणतात.

दोष नोकरीचा आहे. तामणकर एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परमिटचं काम बघतात. साइटवर वेल्डिंग करायचं असो, उंचावर चढायचं असो, की खोर फक्कानच्या बंदरात क्रेन न्यायची असो, त्यांची सही लागते. एखादा इंजिनियर "यल्ला, जल्दी करो तामणकर साब, सिर्फ दस मिनट का काम है" म्हणत येतो. तामणकर शांतपणे चष्मा पुसतात आणि विचारतात, "कागद किधर है?"

आमची ऑफिसं जुमेरा लेक टॉवर्समध्ये, शेजारशेजारच्या इमारतींत. रोज सकाळी आम्ही माझ्या गाडीतून जातो. बसायच्या आधी तामणकर चारही टायर बघतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी तेवढ्या वेळात चहा संपवतो.

गेल्या वर्षी एके सकाळी ते टायर न बघताच गाडीत बसले. काहीतरी बिनसलंय हे मला तिथेच कळलं.

त्यांचा मुलगा निनाद अमेरिकेत फार्मासिस्ट आहे. त्याच्या दुकानात भरदुपारी एक माणूस बंदूक घेऊन शिरला होता. कुणाला काही झालं नाही, पण निनादने पिस्तूल विकत घेतलं. आता तो ते शर्टाखाली लपवून कामावर नेणार होता. त्याच्या राज्यात असं लपवून न्यायला पूर्वी परवाना लागायचा, तो आता लागत नाही. ही बातमी त्याने आईला भाजीचे भाव सांगावेत तशी फोनवर सांगितली होती.

"परवानाच नाही म्हणजे काय?" तामणकर मला विचारू लागले, जणू कायदा मीच केला होता. "माझ्याकडे भज्यांना परमिट आहे हो, देसाई!"

पुढे महिनाभर गाडीत दुसरा विषय नव्हता. मला वाद घालायला आवडतं, बाजू कुठलीही चालते, म्हणून मी निनादची घेतली. चोर काही परवाना काढून येत नाही. अर्ज, फी आणि खेटे यांत साधा माणूसच अडकतो. आणि जो हक्कच आहे, त्यासाठी परवानगी कसली मागायची? तिकडे पुष्कळ लोक असं म्हणतात, आणि पुष्कळ लोक तामणकरांसारखंही म्हणतात.

सिग्नलला गाडी थांबली तसा तामणकरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "आमचा वेल्डर काय चोर असतो? चांगलाच माणूस असतो. फक्त घाईत असतो. परमिट चांगल्या माणसासाठीच असतं हो. त्याला एकदा थांबवून विचारायचं, बाबा रे, खाली कोण उभं आहे ते बघितलंस का?"

मी उगाचच हॉर्न वाजवला.

या माणसाला पिस्तुलाचं दुःख नाही, कागद नसल्याचं आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. ऑफिसात हे रंगवून सांगितलं, लोक हसले, मीही हसलो. आज आठवलं की लाज वाटते.

मग तामणकरांनी स्वतःच अर्ज तयार केला. हाताने लिहिलेला, बावीस रकान्यांचा. वर शीर्षक: 'शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना (कौटुंबिक)'. एका रविवारी त्यांनी तो मला तपासायला दिला. 'शेवटचे भांडण कोणाशी व कशावरून झाले?' 'कॅरममध्ये हरल्यावर बोर्ड उलटवण्याची सवय अद्याप आहे काय?' 'पत्नीची सही (धाक न दाखवता घेतलेली)'. मी हसत हसत सतराव्या रकान्यापर्यंत आलो.

'मुलीचा हात किती उंच पोहोचतो? भिंतीशी उभे करून माप घ्यावे. फोटो जोडावा. मापाची मुदत एक महिना.'

निनादला तीन वर्षांची मुलगी आहे, मीरा. त्या ओळीखाली तामणकरांनी इतकी दाबून रेघ मारली होती की कागद फाटला होता. माझं हसू तिथेच थांबलं. अर्जाच्या तळाशी, सहीच्या जागेवर, एकच अट होती: 'परमिट मिळेपर्यंत वस्तू कुलपात राहील.'

चौतिशीचा, संसारी, अमेरिकेतला मुलगा असला अर्ज भरेल असं मला वाटत नव्हतं. वहिनींनाही नव्हतं. पण आठवड्याभरात अर्ज भरून आला. तामणकरांनी तो परत पाठवला, कारण फोटोची पार्श्वभूमी पांढरी नव्हती. दुसऱ्यांदा सुनेची सही जुन्या सहीशी जुळेना. तिसऱ्यांदा मापाची मुदत उलटून गेली होती.

सात महिने हे चालू आहे. दर रविवारी आमच्याकडे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ असताना व्हिडिओ कॉल होतो आणि अर्जावर चर्चा चालते. या बापलेकांचा फोन पूर्वी "ठीक?" "ठीक" एवढ्यात आटपायचा आणि मग आईच्या हातात जायचा. आता दोघं पाऊण पाऊण तास बोलतात. "याच्या लग्नाच्या वेळीसुद्धा हे दोघं एवढं बोलले नव्हते," वहिनी म्हणाल्या.

परवाच्या रविवारी भजी होती. मी दारात उभा होतो. तामणकरांच्या फोनवर मीरा भिंतीला पाठ लावून, हात उंच करून उभी होती. भिंतीवर पेन्सिलच्या सहा रेघा एकीवर एक दिसत होत्या, आणि सातवी निनाद मारत होता. तामणकरांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाशी नेली.

"टाचा वर आहेत. माप ग्राह्य नाही."

"आजोबा, बट आय ॲम टॉल!" मीरा ओरडली.

"टाचा टेकवून पुन्हा घ्यायचं. आज खलास. अर्ज परत." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "धरा जरा, गॅस मोठा वाटतोय." आणि ते आत गेले.

एका हातात एक्स्टिंग्विशर, दुसऱ्या हातात निनाद. मला त्याची कीव आली. मी हळूच म्हणालो, "मनावर घेऊ नकोस रे. स्वभावच आहे त्यांचा. एखाद दिवशी मी सांगून बघतो, देऊन टाका म्हणून."

"नका सांगू, काका," तो घाईने म्हणाला. मग आवाज उतरवून, "टाचा वर कर असं मीच सांगतो तिला."

"का रे?"

"परमिट मिळालं की बाबा माझ्याशी बोलणार कशावर?" त्याने पेन्सिल खिशात टाकली. "आणि ते कुलपातच आहे. पहिला अर्ज पाठवला तेव्हापासून. नाहीतर त्या अटीखालची सही खोटी ठरली असती ना."

तामणकर भज्यांची ताटली घेऊन बाहेर आले. "काय म्हणतोय?"

"पुढच्या रविवारी पुन्हा माप घेतो म्हणतोय."

"घेईल. पोरगं नियमाचं आहे," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. परमिट संपायला अजून दहा मिनिटं होती. मी ड्युटीवर होतो, दोन्ही हात अडकलेले होते. तामणकरांनी एक गरम भजं फुंकलं आणि माझ्या तोंडात घातलं.