मिस नोरांचं आडनाव

मिस नोरा मॅकनमारा वारल्या, पण त्यांचं आडनाव वारलं नाही. पुढच्या सोमवारी ते आमच्याकडे राहायला आलं.

कामठीच्या छावणीत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक मेंदीचं कुंपण होतं. मिस नोरा शाळेत गाणं शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती, त्यामुळे त्या आडनावाचं मागे कुणीच उरलं नाही. मला चाळिशीत सायकल शिकवली ती त्यांनी. कॅरियर धरून मागून पळायच्या आणि ओरडायच्या, “समोर पाहा, मिसेस मांजरे, चाकाकडे नाही!” तेव्हा त्यांचं आडनाव दारात उभं दिसल्यावर मी त्याला आत घेतलं. दुसरं काय करणार?

हे पेपर वाचत होते. “किती दिवस?” एवढंच त्यांनी विचारलं.

“बघू,” आडनाव म्हणालं आणि ह्यांच्याच आरामखुर्चीत जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला फाटकातून ओरडला, “मॅकनमाराकाकू, आज किती देऊ जी?” वीस वर्षं मला मांजरेकाकू म्हणणारा माणूस. मी त्याला झापलं, तर तो बिचारा गोंधळला. आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना. गॅसचा सिलिंडर मॅकनमारांच्या नावानं आला. हे बँकेत गेले आणि त्यांच्या हातून सही झाली मॅकनमारा. बँकेतल्या बाईंनी ती जुन्या सहीशी ताडून पाहिली. जुनीही तशीच निघाली.

आमचं स्वतःचं आडनाव पहिल्या संध्याकाळीच रागावून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं होतं. ह्यांनी शिडी लावून विनवण्या केल्या, वाडवडिलांची आठवण करून दिली. ते हलेना. “आधी त्याला घालवा,” असं वरूनच सांगायचं, आणि पाठ फिरवायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मिस नोरांच्या कबरीवरचा दगड अडला.

दगडाचं काम इस्माईलभाईंकडे होतं. त्यांनी निरोप पाठवला म्हणून मी गेले, तर ते डोक्याला हात लावून बसलेले. “बाई, काय सांगू तुम्हाला,” ते म्हणाले, “नोरा कोरलं, पक्कं बसलं. मॅकनमारा कोरलं, चहा पिऊन आलो, तर दगड सपाट. दोनदा कोरलं, दोनदा गेलं. माझी छिन्नी खराब नाही. आडनावच हजर नाही तर दगड पकडेल काय?”

“नुसतं नोरा चालेल का?” मी विचारलं.

“मला चालेल. फादरला विचारा.”

फादर बेनेडिक्ट भले गृहस्थ, पण नियमाचे पक्के. त्यांनी चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं की आमच्या दफनभूमीत नोरा नावाच्या आणखीही बाया आहेत. एकट्या नावाचा दगड कमिटी लावू देत नाही. पावसाळ्यानंतर कोणती कबर कुणाची यावरून भांडणं होतात. “आडनावाची समजूत घाला, मिसेस मॅकनमारा,” ते म्हणाले. मग स्वतःच दचकले. “माफ करा. तुमचं नाव काय बरं?”

मी तडक घरी आले. आडनाव आरामखुर्चीत होतं.

“ऊठ,” मी म्हटलं. “दगडावर जाऊन बस. त्या बाई तिकडे बिनआडनावाच्या पडल्यात आणि तू इथं पंख्याखाली!”

“दगडावर गेल्यावर माझं सगळं संपलं,” ते म्हणालं. “त्याला माझी ना नाही. पण माझा अर्थ काय, ठाऊक आहे तुम्हाला?”

“मला काय करायचंय तुझ्या अर्थाशी?”

“मॅक म्हणजे मुलगा. पुढचं, म्हणजे समुद्राचा शिकारी कुत्रा. समुद्राच्या कुत्र्याचा मुलगा, असा माझा अर्थ. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडचं आहे मी. नोराचे पणजोबा पलटणीत भरती होऊन इकडे आले. सगळा प्रवास तापानं फणफणून जहाजाच्या पोटात पडून होते, त्यामुळे मलाही काही दिसलं नाही. पुढे चार पिढ्या कामठीत. नोरा दर सुटीत म्हणायची, यंदा समुद्रावर जायचं. आधी आईचं आजारपण, मग शाळेचं गॅदरिंग, मग गुडघे. आपला अर्थ एकदाही न बघता मी दगडावर चढायचं का?”

गच्चीवरची भानगड आत्ता माझ्या ध्यानात आली. घरात शिकारी कुत्रा आल्यावर मांजरे टाकीवर जाणारच.

खरं सांगायचं तर मला त्या आडनावाची दया आली नाही, संताप आला. नवरा, घर, दूध, गॅस, सगळं सोडून मी एका परक्या आडनावाला समुद्र दाखवायला न्यायचं! पण त्याशिवाय मिस नोरांचा दगड उभा राहत नव्हता. माझी मावसबहीण दापोलीला असते. तिच्याकडून हर्णैचा किनारा जवळ. मी बॅग भरली. हे टाकीपाशी थांबले.

गाडीत तिकीट तपासनीस आले. माझं तिकीट पाहून त्यांनी शेजारच्या सीटकडे बोट केलं. “हे कोण?”

“आडनाव आहे.”

“तुमचं?”

“शेजारणीचं.”

“अंगावरचं आडनाव फुकट असतं, बाई. सुटं असेल तर तिकीट लागतं.”

“मग अंगावरचं समजा की!”

“तुमचं आडनाव काय?”

मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, “मॅकनमारा.” तपासनीस समाधानानं पुढे गेले. मला मात्र रडू येईल की काय असं झालं.

हर्णैला पोचलो तेव्हा होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि वाळूवर मासळीचा लिलाव चालला होता. आडनाव एसटीतून उतरलं आणि थबकलं. मग एकदम सुटलं. टोपल्यांमधून, बायकांच्या पायांमधून, ओल्या वाळूवरून पळत सुटलं ते थेट पाण्यात. लाटा त्याच्यावर फुटत होत्या आणि ते पुन्हा पुन्हा त्यांच्या अंगावर जात होतं.

“कुणाचं हो ते?” एका कोळणीनं विचारलं.

“आमच्या मिस नोरांचं,” मी म्हटलं. आणि तेव्हा, कामठी सोडल्यापासून पहिल्यांदा, मला त्या बाईंची इतकी आठवण आली की मी वाळूतच बसले. गुडघे दुखत नव्हते तेव्हाच आम्ही दोघी आलो असतो तर?

लिलाव आटोपला तरी आडनाव बाहेर येईना. मी पाण्याच्या कडेला जाऊन हाका मारल्या. “अरे, चल! दगड थांबलाय!”

“मी नाही येत,” ते आतून म्हणालं.

“असं ठरलं नव्हतं!”

“कुत्रा इथला आहे, तो इथंच राहणार. मुलगा तेवढा घेऊन जा. मॅक. तो तुमच्याबरोबर येईल.”

माझं डोकंच फिरलं. “मुलगा कशाला? बाई होत्या त्या! जन्मभर कुणाचा तरी मुलगा म्हणून मिरवलंस त्यांना, आता दगडावरही तेच?”

“बरोबर आहे तुमचं,” आडनाव म्हणालं. “आमच्या भाषेत मुलीला निक म्हणतात. इंग्रजीत शिरलो आणि ते मागे पडलं. थांबा, बघतो कुठे आहे ते.”

पुढची लाट आली आणि माझ्या पायाशी एक लहानसं, थंडगार निक ठेवून गेली. मी ते पदरानं पुसलं. दूर समुद्रात काहीतरी दोनदा भुंकलं. कोळणींनी मान वर करून पाहिलंही नाही.

परतीच्या गाडीत तपासनीस निराळे होते. त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं, “लहान आहे, याला लागत नाही,” म्हणाले आणि गेले. घरी आले तर आमचं आडनाव टाकीवरून उतरून जेवणाच्या टेबलाशी बसलेलं होतं, आणि ह्यांनी त्याची माफीही मागितली होती.

इस्माईलभाईंनी ‘नोरा निक’ कोरलं. आम्ही दोघांनी चहा घेतला. परत येऊन पाहिलं, अक्षरं जागच्या जागी.

फादर बेनेडिक्ट दगडासमोर बराच वेळ उभे राहिले. “याचा अर्थ?”

“नोरा, मुलगी.”

“कुणाची?”

“ते हर्णैला राहिलं.”

त्यांनी विचार केला. अपुऱ्या नावाला कमिटीची हरकत असते, पण या दगडावर नाव आणि आडनाव दोन्ही दिसत असल्यामुळे तो लावायला अडचण नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

मी रविवारी फुलं घेऊन जाते. दफनभूमीत येणारे लोक दगड वाचतात आणि हमखास मला विचारतात, “निक म्हणजे त्यांचे मिस्टर का हो?” सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायची: पलटण, जहाज, समुद्र, कुत्रा. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि जाताना म्हणायचे, “फार चांगले असतील निकसाहेब.” आता मी नुसतं हो म्हणते.