शफीक सरांचा बारा वॅटचा पट्टा

मी बारा व्होल्टच्या पट्ट्याला चोवीस व्होल्टचं अडॅप्टर लावलं आणि स्वतःची कंबर भाजून घेतली. पट्टा शफीक सरांचा, अडॅप्टर आमच्या पाण्याच्या फिल्टरचं, अक्कल माझी.

शफीक सर आमचे गारखेड्यातले शेजारी. पाचोडच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले, पण शिकवायचं काही थांबले नाहीत. फक्त विद्यार्थी बदलले. आता आम्ही आहोत. गल्लीत कुणाकडं नवी इस्त्री आली, की पेढ्यांच्या आधी सर मीटर घेऊन हजर. "व्होल्ट किती? अँपिअर किती? आधी भागा, मग गुणा!" भागलं की तारेचा रोध, गुणलं की तिची ताकद, म्हणजे वॅट. जगात यापलीकडं हिशेबच नाही, असं त्यांचं ठाम मत. समोरच्या काळ्यांकडं नवी सून आली, तर तिला यांचा पहिला प्रश्न, "बेटा, माहेरचा मिक्सर किती अँपिअर खातो?" पोरगी बिचारी सासूच्या तोंडाकडं बघायला लागली.

गेल्या थंडीत सरांनी नवं खूळ काढलं. आत बारीक तार शिवलेला कापडी पट्टा. भेटेल त्याला म्हणायचे, "जरा बांधून बघा की. चटका बसतोय का, खरं सांगा." दूधवाला झाला, इस्त्रीवाला झाला, समोरचे काळे झाले. मग माझी पाळी आली. माझी कंबर तशी दुखतच होती.

"बारा व्होल्ट, एक अँपिअर," सर म्हणाले. "भागा."

"बारा ओहम."

"गुणा."

"वॅटपण बाराच."

"शाबास! बस, इतकंच. याच्या वर जायचं नाय."

पट्टा निघाला कोमट. मला वाटलं, व्होल्ट दुप्पट केले तर ऊब दुप्पट होईल. कोमटाचं गरम होईल, आणखी काय? फिल्टरचं अडॅप्टर जोडलं, आडवा झालो, डोळा लागला. उठलो तो बोंबलतच.

सर धावत आले. वाटलं, कंबर बघतील. त्यांनी पट्टा उचलला. "अहो, रोध तोच ना! व्होल्ट दुप्पट, म्हणजे अँपिअरबी दुप्पट. चोवीस गुणिले दोन! चौपट झालं मियाँ, चौपट!" पट्टा घेऊन तरातरा निघून गेले.

आता मलाही राग आला. भाजलो मी होतो! संध्याकाळी जाब विचारायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. त्यांची बायको, आमच्या भाभी, पलंगावर, सर खाली फरशीवर. पट्ट्याची तार बदलून झाली होती. त्यांनी तो आधी स्वतःच्या पोटरीला गुंडाळला आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिले. पोटरीवर भाजल्याचे जुने डाग होते. मग तोच पट्टा काढून त्यांनी भाभींच्या पावलांना हळूच बांधला.

"शुगरनं पाय सुन्न झालेत हिचे," सर वर न बघता म्हणाले. "आतून गारठा वाजतो म्हणती, अन् बाहेरून भाजलं तर कळत नाय. मागं गरम पाण्याच्या पिशवीनं एवढा फोड आला, तो मलाच दिसला. हिला पत्ताच नाय."

जाब विचारायला आलेला मी माफीच मागायला लागलो. "भाभी, माझ्या खरंच लक्षात आलं नाही."

भाभींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, माझे तर पायच सुन्न हायेत," त्या म्हणाल्या. "तुमचं डोकं कधीपासून?"