पोत्यांमागचा फोन

काकासाहेबांनी खताच्या पोत्यांमागे दुसरा फोन बसवला, त्या दिवशी त्यांना आपण फार शहाणे बाप आहोत असं वाटलं.

अंबडला त्यांचं घर आणि पुढच्या बाजूला बी-बियाण्यांचं दुकान. बारावीतली त्यांची मुलगी सत्यशीला घरातल्या फोनवर मैत्रिणीशी तासन्‌तास बोलायची. गावात कुणीतरी मुलींच्या घरी फोन करून वेडंवाकडं बोलतो, अशी कुजबुज कानावर आली आणि काकासाहेबांची झोप उडाली. पोरीला सरळ विचारायला जीभ रेटेना. मग पोरगी कॉलेजात गेल्यावर त्यांनी वडीगोद्रीच्या ओळखीच्या वायरमनला बोलावलं आणि त्याच लाइनीवरचा एक फोन गोदामात गुपचूप घेतला.

उषाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "पोरीवर भरोसा न्हाई का तुमचा?"

"पोरीवर हाये. फोनवर न्हाई."

"मंग तिला सांगून ऐका की."

"सांगून ऐकलं तर ती बोलंल का?"

उषाबाई कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेल्या.

काकासाहेब रोज दुपारी युरियाच्या पोत्यावर बसून रिसीव्हर कानाला लावू लागले. पोरी कधी गणितं सोडवायच्या, कधी ओढणीच्या रंगावरून भांडायच्या. मैत्रिणीच्या मावशीचं लग्न जमत नव्हतं. दोन स्थळं मोडली तेव्हा काकासाहेबांना जेवण गेलं नाही. तिसरं स्थळ अंकुशनगरच्या कारखान्यात नोकरीला होतं. त्याचं काय झालं हे ऐकायला त्यांनी दुकानातलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं. वाईट काही कानी आलं नाही; पण कान काढवेना.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. खताच्या वासानं त्यांचं नाक चोंदायचं आणि श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालायचा.

एका सकाळी मैत्रिणीची आई, रमाबाई, तरातरा घरात आल्या. "काकासाहेब, तुमच्या फोनवर कोणीतरी बसलेलं असतं! आमची पोरगी घाबरून तापानं फणफणली. नुसता फुसफुस श्वास घेतो मेला!"

सत्यशीला बापाजवळ येऊन उभी राहिली. "मी पण ऐकलाय, अण्णा. पण तुम्ही हायेत म्हणल्यावर मला कशाची भीती?"

काकासाहेबांच्या घशात चहा अडकला. उषाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की उरलेलाही खाली उतरेना.

"लाइन खराब झाली आसंल," ते म्हणाले.

"लाइन काय श्वास घेती?" रमाबाई गरजल्या. त्यांनी अंगणात जाऊन तार निरखली. तार माडीवरच्या खिडकीला चिकटून गेली होती. माडीवर बँकेतला गिरिधर भाड्यानं राहायचा. एकटा, मितभाषी, खाली मान घालून चालणारा. "बघा! असलेच घुमे लोक वाईट!"

सगळी वरात जिना चढली. गिरिधरनं दार उघडलं, तर त्याच्या गळ्यात टेपला लावायचा इअरफोन लोंबत होता.

"सापडलं यंत्र!" रमाबाईंनी तो हिसकला. "चला पोलीस ठाण्यात!"

"अहो मावशी, मी गाणी ऐकतोय." गिरिधरनं हात जोडले. "काका, तुम्ही तरी सांगा ना. बँकेत कळलं तर माझी नोकरी जाईल."

काकासाहेबांनी एकदा गिरिधरकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. सत्यशीला त्यांच्याच आडोशाला उभी होती. त्यांना जिन्यावरून उडी मारावीशी वाटली, पण ते म्हणाले, "सोडा त्याला. तो श्वास माझा हाये."

रमाबाईंचे डोळे भरून आले. "परक्या पोराला वाचवायला स्वतःवर घेऊन राह्यलेत! देवमाणूस!"

"न्हाई हो, खरंच मीच हाये."

"बिलकुल पटणार न्हाई मला!"

शेवटी खात्री करणंच भाग पडलं. रमाबाई आपल्या घरी गेल्या, तिथून फोन लावला. सत्यशीलानं तो हॉलमध्ये उचलला. काकासाहेब सगळ्यांदेखत पोत्यांमागे शिरले, रिसीव्हर कानाला लावला आणि नेहमीसारखा श्वास घेतला.

"हाच! हाच तो मेला!" रमाबाई तिकडून अशा किंचाळल्या की फोनची गरज उरली नाही.

सत्यशीलानं रिसीव्हर हलकेच ठेवला. "मला विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं, अण्णा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. पुढं कित्येक दिवस ती बापाशी आईमार्फत बोलली. काकासाहेबांनी गोदामातली तार स्वतःच्या हातानं उपटली. गिरिधरची माफी मागितली, त्याला जेवायला बोलावलं. पण पोरीची माफी कशी मागायची ते त्यांना उमगेना. एका संध्याकाळी तिच्या दारात उभं राहून ते कसंबसं म्हणाले, "चुकलंच माझं. पुन्हा न्हाई."

आणि एका रविवारी दुपारी तीच दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"अण्णा, एकजण रोज फोन करून घाण बोलून राह्यलाय. काल पण आल्ता फोन. तुम्ही जवळ बसता का?"

काकासाहेबांनी दुकानात गिऱ्हाईक असतानाच शटर ओढलं. फोनपाशी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं घंटा वाजली. त्यांनी हात पुढं केला.

"मीच बोलते. तुम्ही नुसतं बसा." सत्यशीलानं फोन उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि मग तोंड उघडलं. त्या माणसाच्या सात पिढ्या, त्याची अक्कल, त्याचं थोबाड आणि त्याच्या घरची म्हैस, कुणालाच तिनं सोडलं नाही. पलीकडून फोन धाडकन आदळला.

काकासाहेबांचा आ वासलेलाच राहिला. "पोरी, ही भाषा तू कुठं शिकली?"

"तुम्ही जालन्याच्या ठोक व्यापाऱ्याशी फोनवर बोलता न्हाई का, तवा."

"म्हंजे तू माझं बोलणं चोरून ऐकती?"

"चोरून कशाला, अण्णा? तुमचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं."

माडीवरून गिरिधर ओरडला, "माझं तर पाठ झालंय, काका!"