सात नंबरची सावली

लोकांना विचारल्याशिवाय लोकांसाठी काहीही करू नये, हे तत्त्व आता सगळीकडे मान्य झालं आहे. काय करायचं ते आधी ठरवून घ्यावं आणि मग विचारावं, हे त्याचं पोटकलम. तत्त्व भिंतीवर लावायचं असतं, पोटकलम वापरायचं असतं.

डोंगरमाथ्यावर अकरा पवनचक्क्या उभ्या करायचं ठरलं तेव्हा कंपनीने दोन्ही गोष्टी काटेकोरपणे पाळल्या. वारा फुकटचा, स्वच्छ आणि न संपणारा. अशा पुण्यकर्माला नाही कोण म्हणेल? तरीही कोणी म्हणालंच, तर ते नीट लिहून घ्यायला माणूस हवा, म्हणून ‘लोकसहभाग अधिकारी’ असं पद काढण्यात आलं. त्या पदावर नेमलेला गृहस्थ आधी सात वर्षं गाद्या विकत होता. (गादी आणि लोकसहभाग यांत फारसा फरक नाही. दोन्हींत समोरचा माणूस निवांत आडवा होतो की नाही एवढंच बघायचं असतं.) पण त्याची खरी पात्रता वेगळीच होती. डोंगराच्या पश्चिमेला जे गाव होतं, त्या गावचा तो जावई होता. अर्जात ‘इतर माहिती’ या रकान्यात त्याने हे सहज म्हणून लिहिलं होतं. निवड समितीने बाकीचा अर्ज वाचलाच नाही.

गावात त्याला लहानथोर सगळे जावईबापू म्हणत. जावयाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, हा गावाचा स्वभाव कंपनीच्या अहवालात ‘अनुकूल सामाजिक वातावरण’ म्हणून नमूद होता.

त्याच्या सासूबाई शिवणकाम करत. पुढची खोली, पूर्वेकडे खिडकी, खिडकीला लागून मशीन, आणि दाराच्या खिळ्याला लोंबणाऱ्या मोजपट्ट्या. एकतीस वर्षं त्या खिडकीशी त्यांची बैठक होती. बारीक काम सगळं सकाळी उरकायचं, हा त्यांचा नेम. “काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा तर सकाळचंच ऊन पाहिजे,” त्या म्हणत. “दिव्याचा उजेड खोटं बोलतो.”

आता सहभाग म्हटला की मोजमाप आलं. कंपनीकडे त्यासाठी एकशेबारा पानांची पुस्तिका आणि ‘सहभाग निर्देशांक’ होता. शंभरापैकी पंचाहत्तर भरले नाहीत तर यंत्र उभं करता येत नसे. सभेला नुसतं येणाऱ्याचे दोन गुण. प्रश्न विचारणाऱ्याचे तीन. गप्प बसणं म्हणजे संमती, तिचे चार. भांडणाऱ्याचे पाच, कारण विरोध हा सहभागाचा सर्वांत जिवंत प्रकार होय. सभेत झोप लागल्यास तो प्रकल्पावरचा विश्वास समजावा, सहा गुण. बेरीज कितीही झाली तरी ती शंभरात बसवायचं सूत्र पुस्तिकेत होतंच. निर्देशांक पंचाहत्तरच्या खाली जायचा तर गावाला फार म्हणजे फारच कष्ट घ्यावे लागले असते.

पहिली सभा शाळेच्या दालनात भरली. एकेचाळीस माणसं आली. अकरा जण बिस्किटांसाठी, सहा जण डोळे तपासणी आहे असं समजून, आणि दोघे पंखा दुरुस्त करायला आले होते ते शिडीवरूनच सहभागी झाले. जावईबापूने नकाशा उलगडला आणि लोकांच्या निर्णयासाठी खुले असलेले विषय वाचले. ते तीन होते. कुंपणाच्या फाटकाचा रंग. फाटकाशेजारी ठेवायच्या बाकाचं तोंड कोणत्या दिशेला. आणि यंत्रांना द्यायची नावं.

फाटकाचा रंग हिरवा की निळा, यावर दोन तास चाळीस मिनिटं चर्चा झाली. दूधवाला म्हणाला, हिरव्यावर शेवाळ दिसत नाही. त्याचा सख्खा भाऊ गिरणीवाला म्हणाला, ज्याच्या स्वतःच्या दाराला पोपडे धरलेत त्याने रंगावर बोलू नये. मग दाराचं निघालं, दारावरून वाटणीचं निघालं, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. दहा गुण. गावाला इतक्या आदराने आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. माणसं घरी गेली ती छाती पुढे काढून.

सभा उठता उठता सासूबाईंनी हात वर केला.

“ते सात नंबरचं यंत्र नेमकं कुठं बसणार?”

जावईबापूने विषयपत्रिका चाळली. मागची बाजूही पाहिली.

“आई, तो विषय आज नाहीये.”

“मग कधी आहे?”

“वर कळवतो.”

त्याने इतिवृत्तात लिहिलं, ‘एका महिलेने सात क्रमांकाविषयी उत्सुकता दाखवली.’ तीन गुण.

त्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, “अहो, आईने विचारलं त्याचं उत्तर का नाही दिलंत?”

“ऑफिसातलं ऑफिसात.”

“आई काय ऑफिसात राहते?”

यावर त्याने पाणी मागितलं.

सासूबाईंनी मात्र विषय सोडला नाही. कंपनीच्या चकचकीत माहितीपत्रकात यंत्राची उंची मोठ्या अभिमानाने छापली होती, पातं वर असताना टोकापर्यंत दीडशे मीटर. सासूबाईंनी कापड मोजायची मीटरपट्टी अंगणात उभी रोवली आणि ओळीने दहा दिवस, सूर्य वर आल्यापासून दर पाव तासाने, तिची सावली खडूने आखली. कोणत्या महिन्यात ऊन मशीनच्या कोणत्या कोपऱ्यावर पडतं, हे तर त्यांना पाठच होतं. मग कटिंगचा खाकी कागद जमिनीवर अंथरून त्यांनी डोंगर, माथ्यावर मातीची तपासणी चालली होती त्या जागी सात नंबर, आणि गावातली घरं मापात काढली. शेजारणी येऊन विचारायच्या, “कुणाचा झगा एवढा?” त्या म्हणायच्या, “डोंगराचा.”

अकराव्या दिवशी त्यांनी जावयाला खोलीत बोलावून कागद दाखवला.

“हे बघा, जावईबापू. वर्षातून दोनदा, एकेक महिना, सकाळी पाऊण तास सूर्य बरोबर त्या पात्यांच्या मागे येतो. सावली येते ती आपल्या ओळीवर. चौदा घरं आहेत.”

“सावलीच ना आई, तिने काय होतंय?”

सासूबाईंनी त्याला खिडकीत बसवलं, हातात सुई-दोरा दिला आणि स्वतः खिडकीबाहेर जाऊन एक पुठ्ठा उन्हात खाली-वर हलवू लागल्या. उजेड, अंधार. उजेड, अंधार. जावईबापूने तीनदा दोरा चुकवला, चौथ्यांदा सुई बोटात घातली आणि पाचव्यांदा त्याला मळमळलं.

“हे पाऊण तास,” बाहेरून आवाज आला. “आणि तिथे पुठ्ठा घेऊन कुणी उभं नाही, की ज्याला बाबा आता पुरे म्हणावं.”

“मग करायचं काय?”

“सात नंबर उत्तरेला तीनशे पावलं सरकवा. सावली ओढ्यात पडेल. ओढा काही शिवत नाही.”

जावईबापूने कागदाची गुंडाळी केली, तिला जपून दोरी बांधली आणि मुख्य कार्यालय गाठलं. खरं सांगायचं तर त्याची मान ताठ झाली होती. गाद्यांच्या धंद्यात असं काही कुणी त्याच्या हाती दिलं नव्हतं.

विभागप्रमुख बाईंनी कागद टेबलावर पसरला आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

“हे कुणी काढलं?”

“माझ्या सासूबाईंनी.”

“अप्रतिम! हाच तो सहभाग! याचसाठी आपण झटतो!” त्यांनी कागदाचे बारा फोटो काढवले. शेजारच्या खोलीतून अभियंत्याला बोलावलं. त्याने अर्धा तास संगणकावर आकडेमोड केली आणि सांगितलं की हिशोब बरोबर आहे, फरक फक्त चार मिनिटांचा. (तोही बहुधा संगणकाचाच, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.)

“मग सरकवू या ना?” जावईबापू म्हणाला.

“काय?” बाईंनी विचारलं.

“सात नंबर.”

अभियंत्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

“त्याचा पाया भरून झालाय,” बाई म्हणाल्या. “पहिल्या सभेच्या पाच आठवडे आधीच.”

“पण तिथे मातीची तपासणी चाललीय असं सांगितलं होतं गावाला. म्हणजे, मीच सांगितलं होतं.”

“तपासणीच होती. माती चांगली निघाली, मग भरला.”

“मग सभा कशाला घेतली?”

बाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. नवीन माणूस होता. “उभारणीआधी लोकांना विचारावं असा नियम आहे. आपण नियम कधीच मोडत नाही. पाया म्हणजे उभारणी नव्हे. पाया जमिनीखाली असतो.”

कागद त्यांनी ठेवून घेतला, चौकट करायला. जावईबापू रिकाम्या दोरीनिशी बसमध्ये बसला. गाद्या विकताना तोही काही अगदी साधुसंत नव्हता. तुटक्या स्प्रिंगची एक गादी त्याने जाणूनबुजून विकली होती आणि गिऱ्हाईकाने ती डोक्यावर घेऊन भर दुकानात परत आणून टाकली होती. त्या दिवशी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटलं, बरं होतं ते. गादी निदान परत तरी येते.

दुसरी आणि अंतिम सभा पंधरा दिवसांनी झाली. विभागप्रमुख बाई स्वतः आल्या होत्या, बिस्किटांत क्रीम होतं. एकशेतीन माणसं जमली. कार्यक्रमपत्रिकेनुसार अधिकाऱ्याने आभार मानायचे होते. जावईबापू उठला आणि त्याने एक अशी गोष्ट केली जिच्यासाठी एकशेबारा पानांत एकही कलम नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने उत्तर दिलं.

“मागच्या सभेत विचारलं होतं, सात नंबर कुठं बसणार. सात नंबर बसलेलाच आहे. तुम्हाला विचारायला मी आलो, त्याच्या आधीच पाया भरला होता. मातीची तपासणी म्हणालो ते खोटं होतं. मला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. सावली चौदा घरांवर पडणार आहे. हिशोब आईंचा आहे आणि तो बरोबर आहे.”

आता गाव उसळणार, खुर्च्या उडणार, नोकरी जाणार, आणि जाऊ दे गेली तर, असं जावईबापूने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

शेवटी गिरणीवाला उभा राहिला. त्याचं घर चौदातलं नववं.

“म्हणजे सात नंबर काही हलत नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“बरं.” त्याने घसा खाकरला. “मग फाटकाचं काय ठरलं?”

आणि सगळ्या दालनाने सुटकेचा निःश्वास टाकला. जे हातात नव्हतं ते बाजूला झालं, जे हातात होतं त्यावर माणसं तुटून पडली. सव्वा तास चर्चा झाली. शेवटी अर्धं फाटक हिरवं आणि अर्धं निळं असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. लोकशाहीत असा दिवस रोज येत नाही.

घरी परतताना सासूबाई पुढे आणि तो मागे, असे दोघं चालत होते. वळणावर त्या थांबल्या.

“तुम्ही खरं बोललात, जावईबापू.”

“उपयोग काय झाला, आई?”

“उपयोगाचं कोण बोलतंय? दहा दिवस अंगणात खडू घेऊन वाकले होते, लोक म्हणत होते बाईला वेड लागलं. हिशोब बरोबर होता एवढं चारचौघांत कुणीतरी म्हणालं.” त्या पुन्हा चालू लागल्या. “चला, जेवायचं थांबलंय.”

कंपनीनेही कसलाच आकस धरला नाही. जावईबापूचं भाषण ‘पारदर्शकता’ या सदरात धरून जादा दहा गुण मिळाले आणि निर्देशांक चौऱ्याण्णव झाला, आजवरचा उच्चांक. खाकी कागद वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला गेला. (उलटा. पण छान दिसतो.) चौदा घरांना ‘छाया-निवारण पडदे’ मंजूर झाले, जाड, काळे, दुहेरी अस्तराचे. स्थानिकांना रोजगार या धोरणानुसार ते शिवायचं काम गावातल्या एकमेव शिवणकाम करणाऱ्या बाईंना देण्यात आलं.

पडद्यांचं कापड पोचलं ते सावलीच्याच महिन्यात, आणि नेमका तेव्हाच सात नंबर फिरू लागला. सासूबाईंनी काळ्या कापडावर काळा दोरा त्या लुकलुकत्या खिडकीतच चालवला. त्यांना पुष्कळदा थांबावं लागलं, म्हणून तुरपाईला जावईबापू बसला. बायकोने सांगितलं नव्हतं, तो आपणहून बसला. त्याने नोकरीचा राजीनामाही दिला आहे. तो ‘सूचना’ या रकान्यात नोंदवण्यात आला असून विचाराधीन आहे. त्याची तुरपाई वाकडी येते. सासूबाई ती उसवतात आणि पुन्हा त्याच्याच हातात देतात.

आता त्या महिन्यांत सकाळ झाली की चौदा घरांत पडदे ओढले जातात आणि आत दिवे लागतात. गावातला सकाळचा वीजवापर त्यामुळे वाढला. मागणी वाढते आहे हे पाहून कंपनीने बारा आणि तेरा नंबर प्रस्तावित केले आहेत. तिथली माती चांगली असल्याचं समजतं.

मात्र या वेळी कंपनीने व्याप्ती वाढवली आहे. वीज शेवटी जाते कुठे? तारांवरून दूर, तुमच्या-आमच्या घरांत. तेव्हा सहभाग फक्त डोंगराखालच्यांचाच का, असा रास्त विचार होऊन आता वीज वापरणाऱ्यांचंही मत घेतलं जातं. प्रश्न एकच आहे आणि सोपा आहे. हे वाचताना तुमचा दिवा एकदा तरी लुकलुकला का?

नाही ना?

नोंद घेतली. बारा आणि तेरासाठी तेवढेच गुण कमी पडत होते.