दारातलं लाकूड

माझी बायको सेर्वा गेली हे मला दवाखान्याच्या फोनवरून कळलं. मी कांदा चिरत होतो. फोन ठेवला आणि उरलेला कांदा चिरून टाकला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

दुपारपर्यंत अख्खी गल्ली अंगणात! इथे बोट्स्वानात, आमच्या सेरोवे गावात, माणूस गेलं की कुणाला बोलवावं लागत नाही. खुर्च्या आल्या, मोठी काळी पातेली आली, गाढवांच्या गाडीतून सरपण आलं. शेजारची म्मा-थुसो, म्हणजे थुसोची आई, काठी टेकत आली; इथे आदराने बाईला म्मा आणि पुरुषाला रा म्हणतात. बाई आता ऐंशीच्या घरात. तिने गाडीतलं एक लाकूड स्वतः ओढून शेकोटीपाशी टाकलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली,

"रा, हे जाळायचं आहे बरं का! हे जाळलं तरी चालेल!"

आणि मी हसलो. बायको गेली त्या दिवशी! अंगणातली जुनी माणसंही तोंडावर हात धरून हसली. तरुण पोरं आमच्याकडे बघतच राहिली. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

आम्ही घानाचे, कुमासीचे. मी गणिताचा मास्तर. बोट्स्वानात तेव्हा मास्तर हवे होते. नवं लग्न, दोन पेट्या आणि एक भाताचं पातेलं घेऊन आम्ही आलो. "दोन वर्षांत परत येतो," असं दोघांच्या आयांना सांगून निघालो होतो. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. रविवारी झाली म्हणून नाव ठरलेलंच: आकोसुआ.

ठरलेलं असलं तरी ठेवावं लागतं ना! आमच्यात आठव्या दिवशी बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात. एखादं भलं, वयस्क माणूस बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतं, मग दारूचा, आणि सांगतं, "पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण." तोवर बाळ हे पाहुणं. राहायचं की परत जायचं, हे त्याचं ठरायचं असतं. चार माणसं गोळा झालेली बघून ते राहतं म्हणे.

सेर्वा दवाखान्यातून आली ती रडतच. "इथे आपलं कोण येणार? कुणाला बघून राहील ती?"

"कोण येणार? अगं, सगळी गल्ली येईल!" मी छाती फुगवून म्हणालो. "असं बारसं करतो की वास कुमासीपर्यंत जाईल!"

घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. सगळ्यांनी मान तुकवली. "बरं, रा." "छान, रा." एकानेही नाही म्हटलं नाही! इथला त्सवाना माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सेर्वा घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फाटकात एक लाकूड आडवं! सुकं, सरळ, मनगटाएवढं जाड.

"बघितलंस?" मी आत ओरडलो. "तू म्हणतेस आपलं कोण! लोकांनी सरपण आणून टाकलंय!"

त्या लाकडावर बाळाच्या अंघोळीचं पाणी तापलं. पुढच्या दिवशी फाटकात पुन्हा लाकूड. मी कुंपणावरून हाक मारली.

"म्मा-थुसो! हे तुम्हीच ठेवता ना?"

"मीच, रा."

"फार छान जळलं हो! अजून असेल तर पाठवा!"

बाईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, लाजली.

तिसरं लाकूड ओंडकाच होता. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडेच कुऱ्हाड मागायला गेलो.

"कशाला हवी, रा?"

"तुमचंच लाकूड फोडायला, म्मा!"

ती मटकन बसली. मग म्हणाली, "रा, तुमच्या घरात कुणी म्हातारी बाई नाहीच का?"

"आई आहे की! कुमासीला!"

"कुमासीला," ती म्हणाली आणि कुऱ्हाड दिली. त्यांच्यात पुरुषाशी बाळंतपणाचं बोलत नाहीत, आणि बोलायला माझ्या घरात कुणी वडीलधारी बाई नव्हती.

आठवा दिवस उजाडला. गल्ली जेवेल एवढा लालभडक जोलोफ भात, बकरीचं मटण, आणि मी आमचं सणासुदीचं केंटेचं वस्त्र खांद्यावर टाकून फाटकात उभा, राज्याभिषेकाला निघाल्यासारखा! दारात सेर्वा, पांढऱ्या कपड्यात, पांढऱ्या दुपट्यात बाळ घेऊन.

पहिलं जोडपं आलं. फाटकाकडे बघितलं, बाळाचा आवाज ऐकला आणि पलीकडच्या कडेने लगबगीने निघून गेलं. दुसरे आले, तेही तसेच. शाळेचा चौकीदार तर मला बघून माघारी पळाला! आत आली फक्त एक शेळी. तिला केंटे आवडलं. एक टोक खाऊन गेली.

"कोणी आलं?" सेर्वाने विचारलं.

"येतायत!"

ऊन वर आलं. भाताला खरपूस थर धरला. सेर्वा पुन्हा विचारेना. ते मला जास्त लागलं. ती बाळाच्या कानाशी हळूच म्हणत होती, "तू जाऊ नकोस हं. येतील."

मग मात्र माझं टाळकं सटकलं. तरातरा म्मा-थुसोच्या अंगणात गेलो.

"म्मा, तुमच्या गावाचं आम्ही काय घोडं मारलंय? माझ्या मुलीला बघायला एक माणूस येऊ नये?"

आणि बाईचा आठ दिवस कोंडलेला बांध फुटला.

"कसं येणार? घरात ओली बाळंतीण आहे! लांबून चालत आलेल्या, मयताला जाऊन आलेल्या पायांनी बाळाजवळ जात नाहीत. तीन महिने! ते सांगायला दारात लाकूड आडवं टाकतात. पोरीची राखण म्हणून मी तीनदा लाकूड टाकलं, आणि तीनदा तुम्ही राखण पेटवलीत, वर तिच्यावर भातही शिजवलात! गल्ली म्हणते, घानाचा मास्तर लेकीचं दार जाळून खातो!"

माझ्या खांद्यावर शेळीने खाल्लेलं केंटे.

घरी येऊन सेर्वाला सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. ती हसायला लागली! पोट धरून, भिंत धरून, "अगं आई गं, टाके!" म्हणत हसली. बाळंतपणापासून पहिल्यांदा. "आणि कुऱ्हाडही त्यांचीच?" असं विचारून पुन्हा हसली.

"आज आठवा दिवस आहे," मग ती शांतपणे म्हणाली. "तिला कुणीतरी पाणी पाजायला हवं."

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. म्मा-थुसो उभी होती, बगलेत चौथं लाकूड.

"मी म्हातारी. माझे पाय कुठे फिरत नाहीत. मी आत येते. पण रा, तुम्ही बाहेर! बाप तर मुळीच चालत नाही!"

आणि तिने मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. भाताच्या पातेल्यासकट! माझ्यामागे लाकूड आडवं पडलं. लाकूड दिसताच गल्लीला हायसं वाटलं. एकेक करत सगळे रस्त्यावर जमले. मी रस्त्यात उभा राहून ताटं वाढत होतो आणि आत सेर्वा म्मा-थुसोला शब्द शिकवत होती. "पाण्याला पाणी म्हण," बाईचा आवाज आला.

"रा!" तिने खिडकीतून हाक मारली. "नाव बापाने सांगायचं म्हणे! काय नाव?"

"आकोसुआ!" मी रस्त्यातून बोंबललो.

"आकोसुआ!" जोलोफने भरलेल्या तोंडांनी अख्खी गल्ली ओरडली.

सेर्वा खिडकीत आली. बाळ तिने उंच धरलं, लोकांना दिसेल इतकं. पोरगी राहिली.

संध्याकाळी सेर्वाने म्मा-थुसोला निरोप पाठवला, "म्मा, तुमची तीन लाकडं आम्ही भरून देणार." म्मा-थुसो म्हणाली, "आत्ता नको. उसनं घेतलेलं माणूस गाव सोडताना देतं."

तेव्हापासून लाकडं देणं म्हणजे गाव सोडणं, असं आमच्यात बोलणंच पडलं. दर वर्षी शाळा सुटली की सेर्वा म्हणायची, "यंदा लाकडं द्यायची का?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." तिच्या आईच्या मातीला कुमासीला आम्ही जाऊन आलो, तेही पाहुण्यासारखे.

सेर्वाला इथेच, टेकडीखाली पुरलं. आठवडाभर रोज संध्याकाळी गल्ली प्रार्थनेला येत होती. शेवटच्या दिवशी पातेली घासून सगळे गेले. आकोसुआ भांडी पुसत होती. म्मा-थुसो उठता उठता थांबली.

"आता जाणार का, रा? कुमासीला?"

मी टेकडीकडे बघितलं. "नाही, म्मा."

"मग लाकडं राहू देत," ती म्हणाली, आणि काठी टेकत फाटकाबाहेर गेली.

तिची तीन लाकडं अजून द्यायची आहेत.