साखरेच्या पुड्याचा चिमटा

शोध कुणीही लावू शकतो. तो कुणी लावला हे ठरवायला मात्र शिकलेली माणसं लागतात. म्हणून तर आमचं पेटंट न्यायाधिकरण आहे (चहा बरा मिळतो, खुर्च्या नाहीत).

परवाचा दावा चिमट्याचा. कंपनीच्या पेटंटातले शब्द असे: "दोन भुजा, त्यांना जवळ ओढणारा घटक आणि उघड्या पुड्याचे तोंड बंद ठेवण्याची क्षमता." एक सून घरामागच्या खोलीत असेच चिमटे बनवून विकत होती. हरली तर खोलीला कुलूप. तिचं म्हणणं, असा चिमटा तिच्या सासूबाईंनी कंपनीच्या जन्माआधीच केला होता: कपड्यांचाच लाकडी चिमटा, पण एक पाय तासलेला आणि वर रबर गुंडाळलेलं.

कंपनीच्या वकिलांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सकाळी सुनेविरुद्ध बोलताना त्यांच्या 'भुजा'मध्ये लाकूड, प्लॅस्टिक, वेळ पडल्यास माणसाची दोन बोटंही मावत होती. दुपारी सासूबाईंचा चिमटा पुढे आला आणि तोच शब्द गरम पाण्यात धुतलेल्या स्वेटरसारखा आटला. लाकडाला त्यात जागाच उरली नाही. न्यायाधिकरणाने दोन्ही अर्थ मान्य केले (एक जेवणाआधीचा, एक नंतरचा).

तरीही आम्ही उदार. आधीचा शोध कुणी डोळ्यांनी पाहिला असेल तर विचार करू, म्हणालो. सासूबाईंनी स्वतः पाहिला होता, पण तो पक्षपात. मग त्यांच्या दोन्ही मुलांना बोलावलं.

"साखरेच्या पुड्याला काय लावलेलं असायचं?" वकिलांनी विचारलं.

"साखर डब्यात नसायची का?" थोरल्याने उलट विचारलं.

धाकटा, म्हणजे सुनेचा नवरा, छताकडे बघत म्हणाला, "काहीतरी असायचं बुवा. मुंग्या कधी लागल्या नाहीत, एवढं नक्की."

"अरे, तूच तर रोज काढून ओट्यावर टाकायचास!" सासूबाई मागून ओरडल्या. "उचलून परत कोण लावायचं?"

त्यांना शांत बसण्याची समज देण्यात आली.

निकाल सरळ होता. त्याच स्वयंपाकघरात जेवून वाढलेल्या दोन सज्ञान पुरुषांना जे दिसलं नाही, ते होतं असं म्हणण्याची आमची काय बिशाद! पेटंट कायम, खोलीला कुलूप. सुनेला रडू आवरेना. निकालाचे कागद पंख्याने उडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी पर्समधून चिमटा काढून लावला (उल्लंघनाची नोंद घेतली आहे).

अन्याय वाटतोय? अपिलाची सोय आहे, आणि साक्षीदार म्हणून तुम्हीही चालाल. तुमच्या घरी उघड्या पुड्याचं तोंड आई कशाने बंद करायची, एवढंच सांगायचं.

फोन खाली ठेवा. तिला विचारायचं नाही.